मोटरहोममधून अमेरिकेचं नैऋत्य वाळवंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही फिनिक्सजवळ राहतो. मोटरहोम, म्हणजे आत बिछाने, स्वयंपाकघर आणि संडास असलेली गाडी, भाड्याने घेऊन या भागात तीनदा फिरलो, त्यातली एक फेरी साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन केली. तेव्हापासून मंडळातले लोक, मैत्रिणी, पुण्या-नाशिकचे नातेवाईक फोनवर तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून काढली आहेत.

नैऋत्य म्हणजे नेमका कुठला भाग?

अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, यूटाचा दक्षिण भाग आणि कोलोरॅडोचा नैऋत्य कोपरा. ही चार राज्यं एका बिंदूवर मिळतात, त्याला फोर कॉर्नर्स म्हणतात. बिंदूवर उभं राहून फोटो काढणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. खरं बघायचं आहे ते त्याच्या चहूबाजूंना.

वाळवंट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे नुसती वाळू येते. इथे वाळूचे डोंगर थोडे. लाल खडक, उंच पठारं, पाइनची जंगलं आणि दऱ्या जास्त. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा साधारण २,१०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही साडेचारशे मीटर उंच. एप्रिलमध्ये तिथे रात्री पाणी गोठतं. स्वेटर घेतलाच नाही म्हणून कुडकुडणारी मंडळी आम्ही दर वेळी पाहिली आहेत.

गाडी आणि मोटेल हे स्वस्त पडत नाही का?

चौघांसाठी पडतं. पैसे वाचवायला मोटरहोम घेऊ नका. रोजच्या भाड्यावर मैलांचे पैसे वेगळे, जनरेटरचे तासावर वेगळे, भांडी-अंथरुणाचे वेगळे, विमा वेगळा आणि रोजच्या मुक्कामाच्या जागेचं भाडं वेगळं. शिवाय गाडी एका गॅलनला जेमतेम ८ ते १० मैल जाते, लिटरमागे चार किलोमीटर धरा.

तरीही मी मोटरहोमच सांगते. इथलं सगळं सौंदर्य सकाळच्या पहिल्या तासात आणि सूर्यास्तानंतरच्या तासात आहे. मोटेल दरीपासून तास-दीड तासावर असलं की ते दोन्ही तास रस्त्यात जातात. मोटरहोममध्ये तुम्ही उठता तेच कड्यापाशी. आणि वडीलधारी माणसं सोबत असतील तर स्वतःचं संडास, स्वतःचा चहा आणि दुपारी पाठ टेकायला जागा हे किती मोठं सुख आहे, ते बाबांनी पहिल्याच दिवशी तीनदा बोलून दाखवलं.

कधी जावं?

एप्रिल-मे किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. मुलांना सुट्टी म्हणून जुलैत निघणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, सखल भाग सोडून द्या. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला टेकत होता. मोटरहोमचा एसी अशा उन्हात दमतो, आणि तापलेल्या डांबरावर टायर फुटण्याची भीती असते. टायरमधली हवा रोज सकाळी गाडी थंड असतानाच तपासायची.

वसंतात वारा फार असतो. अ‍ॅरिझोनातल्या पेज गावाजवळ आम्ही दुपारी गाडीच्या बाजूचं कापडी छप्पर उघडून खाली खुर्च्या टाकल्या होत्या. वारं अजिबात नव्हतं. आत कणीक मळत होते तेवढ्यात एकच झोत आला. कापड शिडासारखं फुगलं, कर्र असा आवाज झाला आणि पुढचा दांडा कोपरातून वाकला. चार-पाच सेकंदांत सगळं संपलं. दुरुस्तीचे पैसे अनामत रकमेतून गेले. गाडीजवळ कुणी नसेल किंवा वारा सुटण्याची शंका असेल तर छप्पर मिटूनच ठेवा.

भारतातल्या लायसन्सवर मोटरहोम चालवता येतं का?

पर्यटक म्हणून आलेल्यांना साधारणपणे येतं. निघण्यापूर्वी आरटीओतून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा आणि मूळ लायसन्स सोबत ठेवा. भाड्याने मिळणारी नेहमीची मोटरहोम साध्या कारच्या लायसन्सवर चालतात, ट्रकचं लायसन्स लागत नाही. वयाची अट कंपनीगणिक वेगळी असते, ती आधी विचारा.

किती मोठी गाडी घ्यावी?

मोटरहोमचे तीन प्रकार असतात. ए म्हणजे बससारखी, बी म्हणजे व्हॅन, आणि सी म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर घर, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बिछाना. चार-पाच जणांना सी ठीक, पण लांबी २५ फुटांच्या आतच ठेवा. एकतीस फुटी गाडीत आत ऐसपैस वाटतं, पण मग पार्किंगपासून कॅम्पग्राउंडपर्यंत सगळीकडे तुम्हाला ‘नाही’ ऐकावं लागतं. ग्रँड कॅन्यनच्या माथर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांची मर्यादा आहे.

पहिल्या दिवशी एखाद्या रिकाम्या मैदानात तासभर चालवून बघा. मागची चाकं आत कापतात, त्यामुळे वळण रुंद घ्यावं लागतं. ताशी ५५ ते ६० मैलांवर राहा. उतारावर मात्र आपल्या घाटातलंच शहाणपण चालतं: गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही.

चालत्या गाडीत मागे झोपता येतं का? चहा करता येतो का?

नाही. सगळ्यांनी पट्टे लावून बसायचं. गॅस बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या, फ्रिजचं दार अडकवलेलं. चहा थांबून करायचा.

पाणी आणि संडासाचं काय? खरं सांगा.

लोकांना याचीच सर्वांत जास्त धास्ती असते, आणि काम मात्र दहा मिनिटांचं आहे. गाडीत तीन टाक्या: एक ताज्या पाण्याची, एक आंघोळीच्या-भांड्यांच्या पाण्याची, ती ग्रे, आणि एक संडासाची, ती ब्लॅक. कॅम्पग्राउंडमध्ये किंवा मोठ्या पेट्रोलपंपांवर डंप स्टेशन असतं. हातमोजे घालायचे, नळी घट्ट फिरवून बसवायची, आधी ब्लॅक सोडायची आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर रिकामी करावी. थोडी असताना सोडली तर घट्ट भाग मागे राहतो.

आंघोळ म्हणजे अंग भिजवा, नळ बंद, साबण, पुन्हा नळ. दुष्काळी भागातून आलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. माझ्या आईने एका बादलीच्या हिशोबाने सगळ्या घराला पाणी पुरवलं.

‘फुल हुकअप’ म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी तिन्ही. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर ट्रेलर व्हिलेज या कॅम्पग्राउंडमध्ये ती मिळते. माथरमध्ये मिळत नाही, पण झाडी आणि शांतता माथरलाच जास्त आहे.

बारा-तेरा दिवसांत कुठून कुठे जावं?

आम्हाला मानवलेला मार्ग असा. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफवरून होलब्रुक. तिथून पेट्रिफाइड फॉरेस्ट, म्हणजे दगड झालेल्या झाडांचं उद्यान, दक्षिणेच्या दाराने आत आणि उत्तरेच्या दाराने बाहेर. मग १९१ नंबरच्या रस्त्याने गनाडोचं हबेल ट्रेडिंग पोस्ट हे जुनं दुकान बघत चिनलीला, म्हणजे कॅन्यन डी शे या दरीपाशी. पुढे कोलोरॅडोत मेसा व्हर्दे, कड्यांतल्या जुन्या दगडी घरांचं उद्यान. परतताना मॉन्युमेंट व्हॅली, पेज, आणि शेवटी पूर्वेकडच्या डेझर्ट व्ह्यू दारातून ग्रँड कॅन्यन. तिथून फिनिक्स. एकूण साधारण १,२०० मैल.

पहिला आणि शेवटचा दिवस सोडला तर दिवसाला दीडशे मैलांच्या आत. यादी वाढवू नका. झायन, ब्राइस, आर्चेस, लास व्हेगास, सगळं दहा दिवसांत बसवलेली वेळापत्रकं लोक मला पाठवतात, आणि त्यात माणसं फक्त गाडीतून उतरून फोटो काढून पुन्हा गाडीत बसतात. मेसा व्हर्देला आणि ग्रँड कॅन्यनला प्रत्येकी तीन रात्री द्याच.

कॅन्यनचा उत्तर कडा हिवाळ्यात बंद असतो, आणि जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं. पहिल्या खेपेला दक्षिण कडाच बघा.

मोटरहोम कुठे नेता येत नाही?

हे नीट वाचा, कारण नकाशाचं अ‍ॅप हे सांगत नाही.

यूटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातला माउंट कार्मेल बोगदा १९३० सालचा, तेव्हाच्या गाड्यांच्या मापाचा. पूर्वी वाहतूक थांबवून मोठ्या गाड्या पैसे घेऊन सोडत. जून २०२६ पासून ७ फूट १० इंचांहून रुंद, ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ३५ फूट ९ इंचांहून लांब गाड्यांना तो रस्ता बंद आहे. सी प्रकारची गाडी बहुतेक वेळा रुंदीतच अडकते. झायनला जायचंच असेल तर स्प्रिंगडेलच्या बाजूने, दक्षिणेच्या दाराने जा आणि आत शटल बस वापरा.

मॉन्युमेंट व्हॅलीतली १७ मैलांची कच्च्या रस्त्याची फेरी मोटरहोमला बंद. तिथल्या नवाहो या मूळ रहिवासी जमातीच्या गाइडच्या उघड्या जीपमधून जा, तेच चांगलं.

यूटातला मोकी डगवे हा कड्यावरून वळणं घेत उतरणारा कच्चा रस्ता. २८ फुटांहून लांब गाड्यांनी तिकडे जाऊ नये असं राज्य सरकारच सांगतं, आणि मी म्हणते कुठल्याच मोटरहोमने जाऊ नये. मेसा व्हर्देत वेदरिल मेसाच्या रस्त्यावर २५ फुटांची मर्यादा. न्यू मेक्सिकोत चाको इथल्या जुन्या वस्तीच्या अवशेषांकडे जाणारा कच्चा रस्ता इतका खडबडीत आहे की कपाटातल्या ताटल्या जमिनीवर येतात. तिथे एक दिवस छोटी गाडी भाड्याने घेऊन जा, पण पुएब्लो बोनितो ही तिथली मोठी जुनी दगडी वास्तू बघायला जाच.

मेसा व्हर्देचे लोक अचानक गूढपणे नाहीसे झाले, हे खरं का?

नाही, आणि या एका प्रश्नासाठी मी हे सगळं पान लिहायला तयार आहे.

मेसा व्हर्देच्या पठारावर सहाव्या शतकापासून शेतकरी राहत होते. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची पिकं. बाराव्या शतकाच्या शेवटी त्यांनी कड्यांमधल्या नैसर्गिक कपारींत दगडी घरं बांधली. क्लिफ पॅलेसमध्ये अशा सुमारे दीडशे खोल्या आहेत, आणि किवा म्हणजे धार्मिक विधींसाठी जमिनीत उतरलेल्या गोल खोल्या वीसहून अधिक. आपण अजिंठ्याशी तुलना करायला जातो, पण अजिंठा कातळ कोरून केला आहे. इथे कपार निसर्गाची आणि भिंती माणसांनी रचलेल्या.

१२७६ ते १२९९ या काळात मोठा दुष्काळ पडला, हे झाडांच्या वर्तुळांवरून कळतं. त्यात लोकवस्ती वाढलेली, लाकूड कमी झालेलं, आपसात तंटेही होते. १३०० च्या सुमारास लोक दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे निघून गेले, पाणी होतं तिकडे. त्यांची लेकरं-नातवंडं आजही आहेत: अ‍ॅरिझोनात होपी, न्यू मेक्सिकोत झुनी, आकोमा, ताओस अशी १९ पुएब्लो, म्हणजे या लोकांची गावं. ताओस पुएब्लो तर हजार वर्षांच्या आसपास वसलेलं आहे आणि अजून राहतं गाव आहे. दुष्काळात गाव सोडलेल्या माणसाला आपण ‘नाहीसा झाला’ म्हणत नाही. माणदेशातलं कुणीही सांगेल.

जुन्या पुस्तकांत या लोकांना ‘अनासाझी’ म्हणत. तो नवाहो भाषेतला शब्द, त्याचा अर्थ ‘शत्रूंचे पूर्वज’ असाही होतो. पुएब्लो लोकांना तो आवडत नाही. पूर्वज पुएब्लो म्हणा.

क्लिफ पॅलेसला रेंजरसोबतच, म्हणजे उद्यानाच्या कर्मचाऱ्यासोबतच, उतरता येतं, तिकीट चौदा दिवस आधी ऑनलाइन मिळतं आणि लगेच संपतं. दगडी पायऱ्या आणि लाकडी शिड्या आहेत. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून ते वरच्या कठड्यापाशी थांबले. तिथून सगळं गाव दिसतं. आई चौसष्ट वर्षांची, साडी खोचून उतरली. खाली रेंजरबाईंनी एका भिंतीच्या गिलाव्यावर बोटांच्या खुणा दाखवल्या, ओल्या मातीवर हात फिरवल्याच्या. बाकी लोक फोटो काढत होते. आईने हात न लावता, हवेतच, त्या खुणांवरून बोटं फिरवली. डावीकडून उजवीकडे, अर्धगोल, पुन्हा तसंच. “अगं, हे आपलं सारवणच आहे,” ती म्हणाली. मी रेंजरबाईंना ते इंग्रजीत सांगितलं. त्या थांबल्या आणि आईला विचारू लागल्या, तुमच्याकडे मातीत काय मिसळतात, किती दिवसांनी पुन्हा करतात. आठशे वर्षांपूर्वीच्या भिंतीसमोर दोघी दहा मिनिटं शेण, भुसा आणि पाण्याच्या प्रमाणाबद्दल बोलत होत्या, मी मधे दुभाषी.

बाल्कनी हाउसच्या फेरीत ३२ फुटी शिडी आणि दीड फूट रुंदीच्या बोळातून रांगत जायचं आहे. गुडघे किंवा श्वास यांचा त्रास असेल तर नको.

नवाहो नेशनमध्ये काय पाळायचं?

नवाहो नेशन म्हणजे नवाहो लोकांचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश, क्षेत्रफळ सुमारे ७१,००० चौरस किलोमीटर. तो त्यांचा देश आहे असं समजून वागा. ते स्वतःला दिने म्हणतात. दारू पूर्ण बंद, गाडीच्या फ्रिजमध्येही नको. कुणाच्या घराचा, माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. रस्ता सोडून टेकडीवर चढायचं नाही. होपी गावांत तर फोटो, चित्र, रेकॉर्डिंग काहीच चालत नाही. फोन खिशात ठेवा.

घड्याळाचा घोळ लक्षात ठेवा. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, नवाहो नेशनमध्ये करतात, आणि त्याच्या मधोमध असलेल्या होपी भूमीत पुन्हा करत नाहीत. पेज हे गाव अ‍ॅरिझोनाच्या वेळेवर चालतं. पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीचं तिकीट काढताना वेळ कुठली ते विचारूनच घ्या.

कॅन्यन डी शेला प्रवेश फी नाही. कड्यावरचे दोन्ही डांबरी रस्ते मोटरहोमने जाता येतात, आणि स्पायडर रॉकचा सुळका संध्याकाळी बघावा. खाली दरीत आजही नवाहो कुटुंबं शेती करतात, म्हणून खाली जायचं तर नवाहो गाइड लागतो. तो घ्याच. १८६४ साली अमेरिकन सैन्याने याच दरीतली पीचची झाडं तोडली, घरं जाळली आणि हजारो माणसांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोला नेलं. वाटेत आणि तिथे किती तरी माणसं गेली. १८६८ च्या तहानंतर उरलेले लोक परत आले. आमच्या गाइडने एका झाडाखाली जीप थांबवली आणि हे सांगताना बोट दाखवून कुठे काय होतं ते दाखवलं. मुलं गप्प झाली होती.

हबेल ट्रेडिंग पोस्टची गोष्ट त्यानंतरची, १८७८ ची. दुकान अजून चालू आहे. लाकडी जमीन पावलागणिक करकरते, छताला टोपल्या, मागच्या खोलीत मागावरची कांबळी रचलेली. किमती बघून दचकू नका. एका मोठ्या कांबळ्याला महिनोन्‌महिने लागतात. पैठणी विणताना पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. रस्त्याकडेला दागिने, कांबळी विकणाऱ्यांकडे घासाघीस करू नका.

ग्रँड कॅन्यनमध्ये विष्णू आणि शिवाची देवळं आहेत म्हणतात. खरंच?

देवळं नाहीत, सुळके आहेत. १८८० च्या सुमारास क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाला दरीतल्या उंच खडकांत पूर्वेकडच्या मंदिरांचे आकार दिसले, आणि त्याने विष्णू टेम्पल, शिव टेम्पल अशी नावं दिली. पुढे ब्रह्मा, देवा, मनू, बुद्ध, कृष्ण, राम यांचीही नावं नकाशावर आली. तळाच्या फार जुन्या काळ्या खडकाला विष्णू शिस्ट म्हणतात, वय सुमारे १७५ कोटी वर्षं. अर्थात, ही दरी हॅवसुपाई, होपी, झुनी, नवाहो आणि इतर जमातींना फार आधीपासून पवित्र आहे, त्यांची नावं वेगळी. दरीतल्या एका जुन्या मुक्कामाला २०२२ साली हॅवसुपाई गार्डन्स असं नाव दिलं गेलं, ते बरं झालं.

वयस्कर माणसांसाठी दक्षिण कड्यावर सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे ट्रेल ऑफ टाइम. याव्हापाई संग्रहालयापासून निघणारी सपाट, डांबरी पायवाट. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. जमिनीत धातूच्या खुणा आहेत, दर दहाव्या खुणेवर आकडा. मी ६६ मीटरवर बाबांना थांबवलं आणि सांगितलं, आपला सह्याद्रीचा काळा कातळ साधारण एवढ्या वयाचा. त्यांनी मागे वळून बघितलं, सुरुवात हाकेच्या अंतरावर होती. मग पुढे बघितलं. विष्णू शिस्टपर्यंत अजून दीड किलोमीटरहून जास्त चालायचं होतं. गुडघ्यांची तक्रार विसरून ते चालले. नदीने ही दरी कोरली ती मात्र गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत, म्हणजे पहिल्या पाच-सहा मीटरांत.

मीटिओर क्रेटर बघावं का? लोणार पाहिलेलं आहे.

मग अवश्य बघा. सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी लोखंडी उल्का पडून झालेला खड्डा, व्यास सुमारे १.२ किलोमीटर, खोली १७० मीटरच्या आसपास. लोणारचा व्यास याहून मोठा, जवळजवळ १.८ किलोमीटर. पण लोणारला तळं, झाडी, मंदिरं. इथे काहीच नाही, त्यामुळे काठाचे उलटे वळलेले थर उघडे दिसतात. चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या अंतराळवीरांनी इथे सराव केला होता. जागा खासगी आहे, राष्ट्रीय उद्यानाचा पास चालत नाही. होलब्रुकला जाताना वाटेतच आहे.

पेट्रिफाइड फॉरेस्टमधून छोटासा खडा आणला तर?

आणू नका. गुन्हा आहे. वीस-बावीस कोटी वर्षांपूर्वीची झाडं गाळात पुरली गेली आणि लाकडाच्या जागी हळूहळू स्फटिक भरला. आत लाल, पिवळा, जांभळा रंग दिसतो. एकेकाने खिशात टाकलेले तुकडे लोक वर्षांनंतर टपालाने परत पाठवतात, सोबत माफीची पत्रं लिहितात. पण कुठून उचलला ते ठाऊक नसल्यामुळे तो तुकडा जागेवर ठेवता येत नाही, अभ्यासाच्या दृष्टीने तो गेला तो गेलाच. असे परत आलेले दगड उद्यानात एका ढिगात पडलेले आहेत. संग्रहालयाच्या दुकानात बाहेरच्या खासगी जमिनीवरचे तुकडे विकत मिळतात, मुलांना ते घेऊन द्या.

जेवणाचं कसं करायचं?

प्रेशर कुकर हवाच. दोन हजार मीटरवर पाणी ९३ अंशांलाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, भाजलेला रवा, पोहे, आमसुलं एवढ्यावर दहा दिवस आरामात जातात. फिनिक्समध्ये भारतीय किराणा मिळतो, पुढे फारसा मिळणार नाही.

फोडणी देण्याआधी छताचा पंखा सुरू करा आणि खिडकी उघडा, नाहीतर धुराचा भोंगा वाजून शेजारचे लोक बाहेर येतात. तो भोंगा काढून ठेवू नका.

बाहेर खाताना शाकाहारींनी बीन्समध्ये चरबी घातली आहे का ते विचारावं, बऱ्याचदा असते. न्यू मेक्सिकोतली हिरवी मिरची आपल्या जिभेला लगेच पटते. होपी बायका निळ्या मक्याच्या पिठाचा पिकी नावाचा पापुद्र्यासारखा प्रकार तापलेल्या दगडावर हाताने करतात. विकत मिळाला तर सोडू नका. मला मांड्यांचीच आठवण झाली.

आई-बाबा सत्तरीच्या घरात आहेत. झेपेल का?

झेपेल, गती कमी ठेवली तर. पहिले दोन दिवस उंचीमुळे डोकं जड होतं, धाप लागते. त्या दिवसांत नुसतं बसू द्या. तहान लागण्याची वाट न बघता पाणी, आणि अधूनमधून मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. हवा इतकी कोरडी की घाम येतो ते कळतच नाही. ग्रँड कॅन्यनमध्ये खाली उतरणं सोपं वाटतं आणि चढताना उन्हात माणूस अडचणीत येतो. थोडंसंच उतरायचं ठरवलं असेल तरी सकाळी लवकर उतरा.

औषधं दुप्पट आणा, प्रिस्क्रिप्शनची प्रत ठेवा, प्रवासी विमा काढल्याशिवाय विमानात बसू देऊ नका. मोठी हॉस्पिटलं लांब आहेत, आणि कित्येक मैल फोनला रेंज नसते. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. पेट्रोलची टाकी अर्धी झाली की पहिल्या पंपावर भरा. चिनली, कायेन्टा, ट्यूबा सिटी हे भरवशाचे थांबे.

पावसाचं काय? वाळवंटात पूर येतो?

येतो, आणि माणसं मरतात. इथेही मान्सून आहे, हाच शब्द वापरतात. मध्य जून ते सप्टेंबरअखेर. दुपारी ढग दाटतात, खडक पाणी शोषत नाही, आणि कोरडी घळ मिनिटांत भरून वाहते. ऑगस्ट १९९७ मध्ये लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, आणि पाऊस पडला होता तो दूर, वरच्या अंगाला. गाइडने फेरी रद्द केली तर वाद घालू नका. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, कितीही उथळ दिसलं तरी.

रात्री कुठेही गाडी लावून झोपता येतं का?

नाही. केंद्र सरकारच्या बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या खात्याच्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. नवाहो जमिनीवर परवान्याशिवाय नाही. राष्ट्रीय उद्यानात फक्त ठरलेल्या जागी. दुकानांच्या पार्किंगमध्ये आत जाऊन विचारा. ग्रँड कॅन्यनच्या माथरमधली जागा सहा महिने आधी खुली होते. त्याच सकाळी बसून बुक करा.

पास कुठला घ्यावा?

१ जानेवारी २०२६ पासून नियम बदलले. अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलर, बाहेरून येणाऱ्यांना २५० डॉलर. बाहेरच्यांकडे वार्षिक पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइससह ११ उद्यानांत माणशी १०० डॉलर जास्त. पाहुणे भारतातून येणार असतील तर हा खर्च आधीच हिशोबात धरा. नवाहो आणि पुएब्लो जागांची फी वेगळी, तिथे हा पास चालत नाही. ते पैसे त्या लोकांकडे जातात, आनंदाने द्या.

व्हाइट सँड्स या फेरीत बसतं का?

नाही बसत, न्यू मेक्सिकोच्या दक्षिणेला आहे. वेगळे चार दिवस काढून जा. पांढरीशुभ्र जिप्समची वाळू, उन्हातही पायाला भाजत नाही, बोटांत घेतली की पिठीसाखरेसारखी. आतला रस्ता मोटरहोमला चालतो, मुक्काम मात्र बाहेर. शेजारी क्षेपणास्त्रांचं चाचणी केंद्र असल्यामुळे रस्ता कधी कधी काही तास बंद ठेवतात, सकाळी चौकशी करून निघा. २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वीची माणसांची पावलं इथे जुन्या तळ्याच्या गाळात सापडली आहेत, त्यात लहान मुलांचीही.

तारे खरंच इतके दिसतात का?

अमावास्येच्या आसपासच्या रात्री ठेवा, मग बघा. यूटातलं नॅचरल ब्रिजेस हे २००७ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, म्हणजे काळोखं आकाश जपणारं उद्यान, ठरलं. पण त्यासाठी वाट वाकडी करायला नको, मेसा व्हर्देच्या कॅम्पग्राउंडमधूनही आकाशगंगा स्पष्ट दिसते. साताऱ्यात ध्रुव तारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर, इथे ३७ अंशांवर. बाबा नेहमीच्या जागी शोधत राहिले आणि मग मान वर करून म्हणाले, “एवढा वर कसा काय चढला?” सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच वेगळी दिसली.

गाडी परत देताना काय बघायचं?

दोन्ही टाक्या रिकाम्या, पेट्रोल आणि गॅस करारात असेल तेवढे भरलेले, आतून केर काढलेला. घेताना आणि देताना चारही बाजूंचे, छताचे आणि टायरचे फोटो तारखेसह काढून ठेवा. आणि डोक्यावरच्या बिछान्याची गादी उचलून बघा; आमच्या मुलीची वही तिथेच राहिली होती, सगळ्या प्रवासाची चित्रं असलेली, आणि ती गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या कुटुंबासोबत निघणार होती.